घरची क्रीमची बिस्किटं: बेळगावच्या दमट हवेत टिकतील अशी

क्रीमची बिस्किटं करायला घेताना एक गोष्ट मनाशी पक्की करायची: पाण्याला थारा द्यायचा नाही. पिठात पाणी नको, क्रीममध्ये नको, भाजल्यावर बिस्किटाच्या पोटात ओल राहायला नको आणि डब्यात बाहेरची दमट हवा शिरायला नको. कुठलीही पाककृती घ्या, बेळगाव-खानापूरकडं ती फसते ती बहुतेक या चार जागांपैकी एकीत. मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत आपल्याकडं हवेत केवढी ओल असते ते वेगळं सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर त्या दिवसांत डब्यातले पापडही सादळतात. कोरड्या गावात बसून लिहिलेली कृती इथं जशीच्या तशी चालत नाही, थोडी वळवून घ्यावी लागते.

दुकानातलं क्रीमचं बिस्किट महिनोन्‌महिने टिकतं तेही याच कारणानं. हा प्रकार शंभर वर्षांहून जुना. अमेरिकेत १९०८ मध्ये हायड्रॉक्स आलं, १९१२ मध्ये ओरिओ. लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीनं १९१० मध्ये आपलं ओळखीचं बोर्बन काढलं. यांच्या आतल्या पांढऱ्या किंवा तपकिरी थराला आपण क्रीम म्हणतो खरं, पण त्यात साय नसते. घट्ट राहणारी चरबी आणि अगदी बारीक साखर, मुख्य माल एवढाच. घरी करताना आपण फक्त ती चरबी बदलायची आणि चांगलं बटर घ्यायचं.

साहित्य काय लागेल

बिस्किटांसाठी मैदा २०० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा आणि लागलंच तर एक-दोन मोठे चमचे थंड दूध. क्रीमसाठी बिनमिठाचं बटर ८० ग्रॅम, पिठीसाखर १६० ग्रॅम, दूध पावडर दीड मोठा चमचा, व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात साडेचार-पाच सेंटीमीटर रुंदीची २८ ते ३० जोडबिस्किटं होतात. अंडं कुठंही नाही, त्यामुळं घरात सगळ्यांना चालतात.

वाटीनं मोजू नका, वजनकाटा घ्या. प्रत्येक घरातली वाटी वेगळी आणि मैदा दाबून भरला की हलक्या हातानं, यावरही वजन बदलतं. भाजीला ते चालून जातं, बिस्किटाला नाही. हजार गोष्टी घेण्याआधी छोटा बॅटरीचा काटा घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

बटर बिनमिठाचं मागून घ्या. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीकडं बेकरीचं सामान ठेवणारी दुकानं आहेत, तिथं सहज मिळतं. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर ‘उप्पिल्लद बेण्णे’ म्हणा, काम होतं. निपाणीकडची मंडळी कोल्हापूरला गेल्यावर आणून ठेवतात, तेही बरं. बटर फ्रीझरमध्ये चांगलं टिकतं. खारं बटरच हाताशी असेल तर बिस्किटात चालेल, फक्त वरचं मीठ टाकू नका. क्रीममध्ये मात्र खारं बटर घालू नये, साखरेच्या मागून खारटपणा जिभेवर येत राहतो.

घरचं लोणी? त्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण लोण्यात ताकाचा अंश राहतो आणि पाणीही बटरपेक्षा जास्त असतं. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, दाबून पाणी काढून ते बिस्किटाच्या पिठात वापरता येतं, तेव्हा दूध अजिबात घालायचं नाही. क्रीममध्ये लोणी घातलं तर चव पहिल्या दिवशी फार सुंदर लागते, पण लवकरच आंबूस वास येतो. लोण्याचं तूप करा आणि ते वापरा, कसं ते पुढं सांगते.

साखरेबद्दल शेजारणींचा ठरलेला प्रश्न: "मिक्सरातली चालतंय काय गे?" चालते. उसाचा जिल्हा आपला, साखरेला तोटा नाही. फक्त ती खरोखर पिठी झाली पाहिजे. मिक्सरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. शंभर ग्रॅम साखरेला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून थांबून थांबून फिरवा, एकदम फिरवत राहिलात तर भांडं तापून साखर गुठळ्या धरते. झाकण लगेच उघडू नका, धूळ खाली बसू द्या. मग मैद्याच्या बारीक चाळणीतून दोनदा चाळा. चिमूटभर जिभेवर ठेवून टाळूला घासून बघा. कण लागला तर तो क्रीममध्येही लागणारच, कारण क्रीम शिजत नाही आणि तो कण विरघळायला त्यात पाणी नाही.

गूळ घालू का, असंही विचारतात. बिस्किटाच्या पिठात थोडा चालेल, पण गूळ हवेतलं पाणी ओढतो, बिस्किटं मऊ पडतात. क्रीममध्ये नकोच.

कोको घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. त्यात अल्कलीचा उल्लेख असेल तर रंग गडद येतो आणि चव मवाळ. नसेल तर रंग लालसर तपकिरी आणि चवीला थोडा आंबट-कडू बाज. दोन्ही चालतात. साध्या कोकोत आंबटपणा असतो, सोडा त्याच्याशी मिळून रंग गडद करतो आणि बिस्किट किंचित हलकं करतो. ड्रिंकिंग चॉकलेट मात्र आणू नका, त्यात बरीच साखर असते आणि सगळं माप बिघडतं.

खानापूर तालुक्यात घरोघर नाचणी असते. दोनशेपैकी चाळीस ग्रॅम मैदा काढून तेवढंच नाचणीचं पीठ घाला, बिस्किट जास्त खुसखुशीत होतं आणि कोकोबरोबर त्याची चव छान जुळते. याहून जास्त घातलं तर लाटताना कडा फुटतात.

पीठ

बटर फ्रिजमधून काढून बाहेर ठेवा. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बटर चकाकायला लागलं नसावं. चकाकलं म्हणजे ते वितळायच्या वाटेवर आहे, पुन्हा दहा मिनिटं आत ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो, तेव्हा हे काम सकाळी सातच्या आत उरका. डिसेंबरात उलट, बटर तासभर मऊ होत नाही. गॅसवर ठेवू नका, लहान तुकडे करून ठेवा.

बटर आणि पिठीसाखर लाकडी चमच्यानं एकजीव करा. केकसाठी फेटतो तसं फेटायचं नाही. जास्त हवा भरली की बिस्किट भाजताना पसरतं आणि गोल राहत नाही. रंग थोडा फिका झाला की थांबा.

मैदा, कोको, सोडा, मीठ एकत्र तीनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या हट्टी असतात, चाळणीवर बोटांनी दाबून फोडा. हे सगळं बटरवर घालून बोटांच्या टोकांनी कालवा. सुरुवातीला रवाळ दिसेल आणि दूध घालायचा मोह होईल. दोन मिनिटं थांबा. हाताच्या उबेनं बटर सुटतं आणि मूठ दाबली की गोळा धरायला लागतो. तरीही नाही धरला तरच दूध, तेही चमच्याचमच्यानं.

इथं बहुतेकींचा हात चुकतो. आपल्याला कणीक तिंबायची सवय. मैद्याला पाणी मिळालं आणि तो मळला गेला की चिवट होतो. पोळीला तो चिवटपणा हवा असतो, बिस्किटाला नको. त्यामुळं मळायचं नाही, फक्त गोळा करून दाबायचं. गोळ्याचे दोन चपटे भाग करा, झाकून फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. बटर पुन्हा घट्ट होतं, पीठ सगळीकडं सारखं ओलावतं आणि लाटायला सोपं जातं.

लाटणं आणि कापणं

या बिस्किटात खरं कौशल्य जाडीत आहे. जोडीतलं एक बिस्किट जाड आणि एक पातळ असेल तर पातळ करपतं आणि जाड कच्चं राहतं, मग जोडी वाकडी बसते ते वेगळंच. साडेतीन-चार मिलिमीटर जाडी हवी. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन वाळवून ठेवा. दोन काड्या एकावर एक ठेवून टेपनं बांधा, अशा दोन जोड्या करा आणि पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. लाटण्याची दोन टोकं काड्यांवर टेकली की पीठ त्याहून पातळ होऊच शकत नाही.

खाली-वर प्लास्टिकचा कागद ठेवून लाटा. दुधाची पिशवी कापून, धुऊन, कोरडी केलेली उत्तम. पिठी लावू नका, कोकोच्या बिस्किटावर मैद्याचे पांढरे डाग भाजल्यावरही दिसतात. फारच चिकटत असेल तर चिमूटभर कोकोच भुरभुरा.

साचा नसेल तर बाटलीचं रुंद झाकण किंवा स्टीलची लहान वाटी चालते. कडा धारदार हवी. सरळ दाबा, गोल फिरवू नका, फिरवलं की काठ ओढला जातो. कापल्यावर लाटलेला कागद तसाच ताटात ठेवून दहा मिनिटं फ्रीझरमध्ये घाला. मग गोल तुकडे टणटणीत उचलता येतात, आकार बिघडत नाही. उरलेलं पीठ गोळा करून एकदा पुन्हा लाटायचं. दुसऱ्यांदा लाटलेली बिस्किटं थोडी कडक होतात, ती खालच्या बाजूला वापरा.

प्रत्येकावर काट्यानं तीन-चार भोकं आरपार पाडा. बोर्बनवर दिसतात त्या भोकांचं काम हेच: आतली वाफ बाहेर पडते, बिस्किट फुगत नाही, सपाट राहतं आणि आतली ओल निघून जाते.

भाजणं

ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, १६० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कांडी चालू, पंधरा मिनिटं आधी तापवा. ताट मधल्या खणात. १४ ते १६ मिनिटं लागतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथं १५० पुरे. दर ओव्हनची तऱ्हा निराळी, म्हणून पहिल्यांदा चारच बिस्किटं भाजून बघा. ती वाया जात नाहीत, खाऊन ठरवता येतं.

अडचण अशी की कोकोचं बिस्किट आधीच काळपट असतं, रंगावरून काही कळत नाही. मग नाकावर भरवसा ठेवायचा. सुरुवातीला बटरचा गोड वास येतो, नंतर कोकोचा खमंग वास स्वयंपाकघरभर पसरतो. त्यानंतर दीड-दोन मिनिटांत काढायचं. त्यापुढं गेलं की वासात करपट कडूपणा येतो आणि तो जात नाही. हळूच बोट लावून बघा: कडा घट्ट, मधोमध अगदी किंचित दबतंय, असं असलं की झालं. गार होताना तेही कडक होतं. मधला भाग ओलसर चमकत असेल तर दोन मिनिटं आणखी. ही दोन मिनिटं वाचवली की पुढच्या दोन दिवसांत बिस्किट सादळणार हे ठरलेलं.

मध्येच करंट गेला तर दार उघडू नका. ओटीजीतली ऊब बराच वेळ राहते, त्यातच बिस्किटं शिजत असतात. दहा मिनिटांत करंट आला तर ठीक, नाही आला तर कढईकडं वळा.

ओव्हन नसलेल्यांनी मन खट्टू करायचं कारण नाही. आपल्याकडं दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून ताटं बेकरीच्या भट्टीवर नेत असत, आणि घरात वाळूवर, मिठावर भाजणाऱ्या बायकाही होत्या. जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या, नॉनस्टिक नको, रिकामी तापवली की तिचा थर खराब होतो. तळाला बोटभर मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताट ठेवून आच अगदी मंद करा. १८ ते २२ मिनिटं. एका वेळी सहा-सातच बसतील. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, ते बिस्किटावर पडू नयेत म्हणून झाकणाला कोरडं फडकं बांधा आणि त्याची टोकं वर घेऊन गाठ मारा, म्हणजे आचेला लागणार नाहीत. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रबर काढून ठेवा.

भाजून झाल्यावर बिस्किटं पाच मिनिटं ताटातच राहू द्या, मग जाळीवर काढा. सपाट ताटात गार केलीत तर खालची वाफ तिथंच अडकते. जाळी नसेल तर पिठाची मोठी चाळण उपडी घाला. पूर्ण गार, म्हणजे तळहाताला जराही ऊब लागू नये, तोवर क्रीमला हात लावायचा नाही.

क्रीम

मऊ बटर फेटा. इथं मात्र मनसोक्त फेटायचं, पांढरट आणि हलकं होईपर्यंत. हातानं आठ-दहा मिनिटं, बीटर असेल तर तीन. साखर तीन वेळा थोडी थोडी घाला, मग दूध पावडर, मीठ, इसेन्स. दूध घालू नका, पातळ क्रीम पसरायला सोपं जातं पण बिस्किटाला ओल देतं. बटरमध्येच सुमारे १६ टक्के पाणी असतं, तेवढं पुरे. दूध पावडर त्यातलं थोडं शोषून घेते आणि दुधाळ चवही देते. बरोबर झालेलं क्रीम चमच्याला धरून राहतं, चमचा उलटा केला तरी पडत नाही, आणि बोटांत घेऊन गोळी वळता येते.

पावसाळ्यात माझं मत वेगळं. तेव्हा ८० पैकी निम्मं बटर आणि निम्मं साजूक तूप घ्या. चांगल्या कढवलेल्या तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हशीचं तूप गाईच्या तुपापेक्षा घट्ट थिजतं, म्हणून ते बरं. अडचण एवढीच की आपलं तूप रवाळ असतं, आणि रवाळ तुपाचं क्रीम जिभेला खरखरीत लागतं. त्यासाठी तूप पातळ करा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि थिजेपर्यंत चमच्यानं सतत घोटत राहा. भांड्याच्या कडेला पांढरा थर धरायला लागतो, तो खरवडून मध्ये घ्या, पुन्हा घोटा. पाच-सहा मिनिटांत रवा न धरता गुळगुळीत, पांढरं शुभ्र लोण्यासारखं तूप तयार होतं. त्यात बटर आणि साखर घालून नेहमीसारखं फेटा. बर्फाच्या पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका.

व्हॅनिलाऐवजी वेलदोड्याची बारीक पूड आणि जायफळ घाला, कोकोबरोबर फार चांगलं लागतं.

बेळगावात राहून आतमध्ये कुंदा भरायचा विचार सुचला नाही असं होणार नाही. भरा जरूर. आटवलेल्या दुधाची ती खमंग चव आणि कोकोचा कडवटपणा यांची जोडी खरोखर बहारदार आहे. पण कुंद्यात ओल असते. तासा-दोन तासांत बिस्किट मऊ पडायला लागतं. म्हणून कुंदा भरायचा तो पाहुणे पानावर बसले की आणि खायचं तेव्हाच. डब्यात ठेवायच्या बिस्किटांत कुंदा नको.

जोडणं

आधी जोड्या लावून घ्या, सारख्या आकाराची दोन-दोन. खालचं बिस्किट उलटं ठेवा, म्हणजे सपाट बाजू वर. क्रीमची आठ ग्रॅमची गोळी, छोट्या सुपारीएवढी, बरोबर मध्ये ठेवा. वरचं बिस्किट ठेवून चार बोटांनी सारखं दाबा. एका बोटानं मध्ये दाबलंत तर बिस्किट तडकतं. क्रीम कडेपासून दोन मिलिमीटर आत असताना थांबा, पुढं ते आपोआप थोडं सरकतं. सफाई हवी तर मेंदीच्या कोनासारखा प्लास्टिकचा कोन करून क्रीम गोल गोल सोडा.

वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून क्रीम घट्ट होऊ द्या. लगेच खाल्लं तर दोन्ही बिस्किटं क्रीमवरून घसरतात. तीन-चार तासांनी ती एकमेकांना धरतात आणि तेव्हाच चव जमते. मुलांना एवढा धीर नसतो, म्हणून तुटलेल्या तुकड्यांना क्रीम लावून आधी त्यांच्या हातात द्या.

ठेवणं

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत कागद, बिस्किटं कडेवर उभी लावलेली. थंडीत आठवडाभर छान राहतात. उन्हाळ्यात बटर ३२-३५ अंशांना वितळतंच, तेव्हा डबा फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. गार बिस्किटावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा.

जून ते सप्टेंबर सगळी बिस्किटं एकदम भरूच नका. नुसती बिस्किटं एका डब्यात, क्रीम दुसऱ्या डब्यात फ्रिजमध्ये, आणि लागतील तेवढ्याच जोड्या लावायच्या. न भरलेली सादळली तर १४० अंशांवर सहा-सात मिनिटं पुन्हा भाजा, गार झाल्यावर पहिल्यासारखी कुरकुरीत होतात. भरलेल्यांना हा उपाय नाही.

पुण्याला किंवा बंगळूरला शिकायला असलेल्या पोरांना पाठवायची असतील तर दहा-दहा बिस्किटांची उभी चळत करून बटर पेपरात घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं पिळून बंद करा आणि डब्यात मोकळी जागा राहिली तर तिथं कोरड्या कागदाचे बोळे कोंबा. रात्रीच्या बसनं पाठवा. मे महिना असेल तर क्रीम वेगळ्या छोट्या डबीत द्या आणि पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.